ग्रंथांची कुलपे उघडणारे ग्रंथपाल : डॉ. एस. आर. रंगनाथन

विद्यापीठाच्या ग्रंथालयात आज संशोधक थेट फडताळांपाशी जातो, हवे ते ग्रंथ चाळून निवडतो आणि एका कोपऱ्यातील छोट्या अभ्यासिकेत बसून काम करतो. ग्रंथपाल या अभ्यासिकेस 'कॅरल' म्हणतात. एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा आणि प्रबंधासाठी लागणारे ग्रंथ राखून ठेवण्याची एक फळी, एवढाच तिचा पसारा. मात्र शंभर वर्षांपूर्वी भारतातील बहुतेक ग्रंथालयांत ग्रंथ कुलूपबंद कपाटांत असत. वाचकाने चिठ्ठी द्यावी आणि शिपाई ग्रंथ आणीपर्यंत वाट पाहावी, अशी रीत होती. ही रीत बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्ट हा दिवस देशभर राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ च्या ऑगस्ट महिन्यात तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयामुळे मराठी वाचकांस परिचित असलेला हाच तो तंजावर प्रदेश. वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले. बोलताना अडखळण्याच्या दोषावर त्यांनी प्रयत्नपूर्वक मात केली. मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयातून गणितात एम.ए. झाल्यानंतर १९१७ पासून त्यांनी अध्यापन केले आणि पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून, चर्चेतून शिकवणे त्यांना प्रिय होते.

१९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वेतन बरे होते, पण काम नव्हते. ग्रंथालयात फारसे कोणी फिरकत नसे. वर्गात रमणाऱ्या या शिक्षकास ते एकाकीपण तुरुंगवासासारखे वाटले आणि काही दिवसांतच त्यांनी अध्यापनाकडे परत पाठवण्याची विनंती केली. इंग्लंडमध्ये जाऊन ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घ्यावे, त्यानंतरही मन रमले नाही तर परत यावे, असा तोडगा निघाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी महाविद्यालयात डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांच्याकडे ते वर्गीकरण शिकले. तेथील ग्रंथालयांत त्यांनी पाहिलेले दृश्य मद्रासहून अगदी वेगळे होते. कामगार, गृहिणी, मुले सारेच फडताळांमधून मोकळेपणाने फिरत होते. ग्रंथालय ही वस्तू सांभाळण्याची कोठी नसून शिक्षणाचे साधन आहे, याची खूणगाठ त्यांच्या मनाशी पक्की झाली. एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच त्या पट्ट्या आणि खिळे वेगवेगळ्या रीतीने जोडून नवनवीन वस्तू तयार होत होत्या. विषयांचेही असेच घटक पाडून ते जोडता येतील, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. परतीच्या प्रवासात जहाजावरील ग्रंथालयातील पुस्तकांवर त्यांनी या पद्धतीचा प्रयोगही करून पाहिला.

१९२५ मध्ये परतलेल्या रंगनाथन यांनी पुढे अध्यापनाचा विषय काढला नाही. त्यांनी फडताळे वाचकांसाठी खुली केली आणि ग्रंथ शोधण्यास साहाय्य करणारी संदर्भसेवा उभारली. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. ग्रंथ हरवला तर जाब ग्रंथपालास विचारला जाई, त्यामुळे कुलूप हेच त्याचे संरक्षण होते. काही ग्रंथ गहाळ होतील, हा धोका पत्करूनही वाचकावर विश्वास टाकावा, अशी भूमिका रंगनाथन यांनी घेतली. १९३६ मध्ये विद्यापीठ ग्रंथालय समुद्रकिनाऱ्यालगतच्या स्वतःच्या इमारतीत गेले.

१९३१ मध्ये त्यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ वापरासाठी असावेत, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ लाभावा, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय सतत वाढते राहावे, असा या सूत्रांचा आशय आहे. १९३३ मध्ये कोलन अर्थात द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. भारतातील भातपिकावरील रोग हा विषय घेतला, तर पीक, रोग आणि देश असे त्याचे घटक पाडून ते विरामचिन्हांनी जोडायचे, अशी ही रीत. पुढे त्यांनी व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच मूलभूत वर्गांची मांडणी केली.

वर्गीकरण म्हणजे केवळ क्रमांक देणे नव्हे, हे त्यांनी फडताळाच्या रचनेतून दाखवले. फळीसमोर उभ्या असलेल्या वाचकास मध्यभागी नेमक्या विषयाचे, दोन्ही बाजूंस निकटच्या विषयांचे आणि त्यापलीकडे दूरच्या विषयांचे ग्रंथ दिसावेत, असा त्यांचा आग्रह होता. ग्रहणातील प्रच्छाया आणि उपच्छाया या संज्ञा त्यांनी या रचनेसाठी योजल्या. न मागितलेला, पण उपयोगी ग्रंथ संशोधकाच्या नजरेस पडतो तो या शेजारामुळेच.

अभ्यासिकेतील राखीव फळीकडे या सूत्रांच्या प्रकाशात पाहिले, तर एक पेच दिसतो. ग्रंथ हाताशी राहिल्याने एका संशोधकाचा वेळ वाचतो, पण तोच ग्रंथ शोधणारा दुसरा वाचक रिकाम्या हाताने परततो. म्हणूनच राखीव ग्रंथांची नोंद ठेवणे, मुदत ठरवणे आणि दुसऱ्याची मागणी येताच ग्रंथ परत घेणे आवश्यक ठरते. अन्यथा कपाटाचे कुलूप जाऊन अभ्यासिकेचे कुलूप येते.

मद्रासमधील सुमारे दोन दशकांच्या सेवेनंतर रंगनाथन १९४५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. १९४७ पासून दिल्ली विद्यापीठात त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या उच्च शिक्षणाची पायाभरणी केली. त्यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. महाराष्ट्रात असा कायदा १९६७ मध्ये झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ग्रंथखरेदीसाठी दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये, तर दर अध्यापक व संशोधकामागे २०० रुपये तरतूद सुचवली. संशोधकाची गरज वेगळी आणि मोठी असते, हे त्यातून आकड्यांत मांडले गेले.

१९५७ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले आणि १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. आपल्या बचतीतून एक लाख रुपये देऊन त्यांनी मद्रास विद्यापीठात पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन करविले. राहणी मात्र अखेरपर्यंत अत्यंत साधी होती. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

आज अनेक ग्रंथ संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात. तरीही कोणता ग्रंथ कोणासाठी खुला आणि कोणासाठी बंद, हा प्रश्न मिटलेला नाही. त्याचे उत्तर वाचकाच्या बाजूने द्यावे, हीच रंगनाथन यांची शिकवण आहे.