विम सोम्ब्रूक आणि ॲमेझॉनची काळी माती

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मनव्याप्त नेदरलँड्सच्या पश्चिम भागात धान्य पोहोचेनासे झाले आणि सुमारे २० हजार माणसे दगावली. ‘भुकेचा हिवाळा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या काळात दहा वर्षांच्या विम सोम्ब्रूकचे कुटुंब तगले, ते जमिनीच्या एका लहानशा तुकड्यावर. त्या भागातील रेताड जमिनीत मुळांसकट काढलेल्या गवताच्या ढलप्या गोठ्यात अंथरायच्या आणि शेणामुतात भिजल्या की शेतात टाकायच्या, अशी जुनी रीत होती. पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या कसदार केलेल्या अशाच मातीने त्या घराला जगवले. सोम्ब्रूक (१९३४-२००३) पुढे मृदाशास्त्रज्ञ झाले.

१९५०च्या दशकात ते जमिनींच्या पाहणीसाठी ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेले. तेथील घनदाट जंगलाखालची माती बहुतेक ठिकाणी निकस व आम्लधर्मी असते, कारण मुसळधार पाऊस तिच्यातील पोषकद्रव्ये धुऊन नेतो. मात्र नदीकाठच्या उंचवट्यांवर त्यांना अधूनमधून काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे दिसले. स्थानिक लोक तिला ‘टेरा प्रेटा’ म्हणजे काळी माती म्हणत आणि पिकांसाठी आवर्जून निवडत. काही अभ्यासकांना ती ज्वालामुखीची राख किंवा जुन्या तळ्यांचा गाळ वाटे. पण तिच्यात खापरांचे तुकडे, माशांची हाडे आणि कोळसा होता. युरोपीय लोक येण्यापूर्वी तेथे राहणाऱ्या आदिवासींच्या वस्तीच्या या खुणा होत्या. लहानपणीच्या जमिनीप्रमाणे हीसुद्धा माणसांनी घडवलेली होती. आजूबाजूची तपकिरी माती, जिच्यात खापरे फारशी नव्हती, ती दीर्घकाळच्या शेतीतून तयार झाली असावी, असे त्यांनी सुचवले. या पाहणीवरील त्यांचा ‘ॲमेझॉन सॉइल्स’ हा प्रबंध १९६६मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे वाखेनिंगेन येथील आंतरराष्ट्रीय मृदा केंद्राचे संचालकपद आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतील जबाबदारी सांभाळताना त्यांच्यापुढे नवा प्रश्न आला, तो हवामानबदलाचा. जगातील मातीत वातावरणापेक्षा जास्त कार्बन साठलेला असतो. १९९३मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या लेखात त्यांनी उष्ण प्रदेशांतील मातीत आणखी कार्बन साठवण्याच्या शक्यता तपासल्या. काळ्या मातीने त्याचा मार्ग दाखवला होता. पालापाचोळा व शेणखत यांतील बराचसा कार्बन काही वर्षांत कुजून हवेत परततो. कोळशातील कार्बन मात्र सूक्ष्मजीवांना सहज पचत नाही. म्हणूनच शेकडो वर्षांपूर्वीच्या चुलींतील कोळसा तेथे टिकून आहे.

आज हेच तत्त्व जैवऊर्जेला जोडले जाते. भाताचा तूस, काड्या, लाकडाचा भुसा असा कचरा अगदी कमी प्राणवायूत तापवला की ज्वलनशील वायू निघतात. त्यांपासून उष्णता किंवा वीज मिळते आणि मागे ‘बायोचार’ हा सच्छिद्र कोळसा उरतो. तो मातीत मिसळल्यास त्यातील कार्बन दीर्घकाळ जमिनीत राहतो, शिवाय पाणी व पोषकद्रव्ये धरून ठेवण्यास मदत होते. मात्र कोळसा म्हणजे खत नव्हे. काळ्या मातीचा कस हाडे, राख, मलमूत्र आणि खरकटे यांतूनही आला होता. आम्लधर्मी, निकस जमिनीत बायोचारचा लाभ अधिक दिसतो, मुळात सुपीक जमिनीत तो नगण्यही असू शकतो. त्यासाठी जंगल तोडले, तर मूळ हेतूच फसतो.

ॲमेझॉनमधील लहान शेतकऱ्यांना नव्याने अशी माती घडवता यावी, या ‘टेरा प्रेटा नोव्हा’ कल्पनेसाठी सोम्ब्रूक अखेरपर्यंत झटत होते. २००३मध्ये त्यांचे निधन झाले. २००९मध्ये संशोधकांनी या मातीवरील आपला ग्रंथ त्यांच्या नावाने प्रसिद्ध केला. जंगल जाळून केलेले शेत काही वर्षांत निकस होते आणि शेतकऱ्याला पुन्हा नवे जंगल तोडावे लागते. एकाच जमिनीवर त्याचे पोट भरू लागले, तर जंगलही वाचेल, हा त्यांच्या आग्रहामागचा विचार होता.