मास्तर, मैदान आणि डावा पाय

अजय देवगणचा ‘मैदान’ २०२४ मध्ये आला आणि एक नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं: सय्यद अब्दुल रहीम. भारतीय फुटबॉलला आशियात दोनदा सोनं मिळवून देणारा प्रशिक्षक. पण सिनेमा सुरू होतो १९५२ च्या पराभवापासून. त्याआधी हा माणूस काय करत होता? तर शाळेत शिकवत होता आणि गावातली फुटबॉल लीग सांभाळत होता. दोस्तांनो, खरी गोष्ट तिथं आहे. आणि ती आपल्यापासून वाटते तितकी लांब नाही.

कारण रहीम ज्या हैदराबादचे, ते तेव्हा आपल्याच राज्याची राजधानी होतं. आज आपलं शिरड शहापूर हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यात होतं आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या ज्या मोजक्या पोरांना कॉलेज शिकायचं होतं, त्यांच्यासाठी राज्यातलं विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया. औरंगाबादचं विद्यापीठ तर १९५८ मध्ये आलं. त्याच उस्मानियातून एक सडपातळ पोरगा बी.ए. झाला. अभ्यासाइतकाच त्याचा जीव फुटबॉलमध्ये होता.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. विद्यापीठाच्या संघातून आणि मग स्थानिक क्लबांकडून ते खेळले. पण खेळून पोट भरायचे ते दिवस नव्हते. ना करार, ना लिलाव, ना जाहिराती. सगळा कारभार हौशी. दिवसा नोकरी करायची, संध्याकाळी मैदान गाठायचं. रहीम यांनी मास्तरकी धरली. काचीगुड्याची शाळा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांमधून त्यांनी शिकवलं. पुढं शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडं आली. मास्तरकीची ही सवय त्यांना जन्मभर पुरली. चुकलेल्या पोराला झापण्यापेक्षा तेच पुन्हा पुन्हा करून घेणारा हा शिक्षक होता.

कागदावरचं काम

हैदराबाद फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली १९३९ मध्ये. चारच वर्षांनी, १९४३ मध्ये, रहीम तिचे सचिव झाले आणि मरेपर्यंत सचिवच राहिले. वीस वर्षं! सचिवाचं काम दिसायला काहीच नाही. क्लबांची नोंदणी, सामन्यांचं वेळापत्रक, मैदानाची परवानगी, पंचांची सोय, भांडणं मिटवणं. फोटोत हा माणूस कडेला उभा असतो. पण लीग चालते ती याच कामावर. पोरांना वर्षभर सामने मिळाले तरच त्यांच्यातला एखादा पुढं जातो, एवढं साधं गणित आहे ते.

रहीम यांनी नुसतं वेळापत्रक लावलं नाही, तर स्पर्धांचा वापर शाळेसारखा केला. आपल्याकडं बहुतेक पोरं उजव्या पायानं खेळतात, डावा पाय नुसता उभं राहायला. मग रहीम यांनी अशा स्पर्धा भरवल्या, ज्यात कमजोर पायानंच बॉल मारायचा. दुसऱ्या एका प्रकारात ड्रिब्लिंगलाच बंदी होती. बॉल आला की पास द्यायचा, एकट्यानं पळत सुटायचं नाही. सुरुवातीला गंमतच झाली असणार. पण विचार करा, असे सामने खेळलेला पोरगा पुढं मोठ्या मैदानावर गेला की त्याला दोन्ही पाय असतात आणि सोबती कुठं उभा आहे हे त्याला न बघता कळतं. यासाठी जिम लागत नाही, महागडं साहित्य लागत नाही. लागतो फक्त एक नियम आणि तो पाळून घेणारा माणूस.

पोरं हेरण्यात त्यांची नजर पक्की होती. तुळशीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या वस्तीतला गरीब घरचा मुलगा. त्याचा खेळ रहीम यांनी पाहिला आणि सरावाला बोलावलं. पण रोज तिथवर यायचं कसं? सायकल भाड्यानं घ्यायलाही पैसे नव्हते. ते भाडं रहीम यांनी स्वतः दिलं, असं सांगतात. हाच बलराम पुढं देशातल्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक ठरला.

पोलिसांचा संघ

लीगमधून तयार झालेल्या पोरांना पोट भरायला जागा हवी होती. ती दिली हैदराबाद सिटी पोलीस या संघानं. नोकरी पोलिसाची, खेळ फुटबॉलचा आणि प्रशिक्षक रहीमसाब. १९५० मध्ये या संघानं ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीत मोहन बागानला हरवलं. मग मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं जिंकला. कलकत्त्याच्या बड्या क्लबांची सद्दी असतानाच्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

पुढची गंमत तर आपल्याशीच संबंधित आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेलं, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि आपला मराठवाडा मुंबई राज्यात. पण फुटबॉलमध्ये ‘हैदराबाद’ हे नाव टिकलं. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी दोन्ही वर्षं हैदराबादनं संतोष करंडक जिंकला. आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरवलं कुणाला? मुंबईला! तेव्हा मराठवाड्यातल्या माणसानं टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, हा प्रश्नच होता.

अनवाणी ते मेलबर्न

१९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. भारतीय संघाचे प्रशिक्षक होते रहीम. अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलवर भारतानं इराणला १-० असं हरवलं आणि सोनं घेतलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं चिरडलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते आणि थंड, ओल्या मैदानावर त्यांचे पाय टिकेनात. त्यानंतर बूट घालणं सक्तीचं झालं.

रहीम यांनी त्या पराभवातून रडगाणं नाही, धडा घेतला. जगात काय चाललंय हे ते बारकाईनं बघत. मागं चार, मधे दोन, पुढं चार अशी ४-२-४ रचना १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलमुळे जगभर गाजली. रहीम यांनी ती आपल्या संघात त्याआधीच वापरली होती.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. नेव्हिल डिसूझा या गोव्याच्या मुलानं तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला भारत हा आशियातला पहिला देश. तिथं पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल भारताचा झाला, पण सामना ४-१ असा गेला आणि अखेर चौथा क्रमांक मिळाला. १०-१ ते ४-१ हा चार वर्षांतला प्रवास. त्या संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, बलराम अशी हैदराबादच्या मैदानांवर घडलेली पोरं होती. एका शहराच्या हौशी लीगनं देशाला एवढं दिलं!

शेवटचं सोनं

१९६२ मध्ये जकार्ताचे आशियाई खेळ आले तेव्हा रहीम यांचं शरीर पोखरलं गेलं होतं. फुप्फुसाचा कर्करोग. तरीही ते संघाबरोबर गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. त्यात बाहेरचं वातावरण तापलेलं. इस्रायल आणि तैवानला खेळांतून वगळल्याबद्दल भारताच्या प्रतिनिधीनं टीका केली होती, म्हणून स्थानिक लोक भारतावर चिडले होते.

रहीम यांनी इथं एक डाव टाकला. जखमी जर्नेलला बचावात ठेवलं तर अडचण होईल, मग त्याला पुढं, सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळवलं. ४ सप्टेंबर १९६२ ला अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. स्टेडियम खचाखच भरलेलं आणि सगळं भारताच्या विरोधात. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा त्याच जर्नेलसिंगचा. २-१. सोनं!

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, रहीम गेले. वय ५३. त्यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात होता आणि पुढं आंतरराष्ट्रीय पंच झाला. आज हैदराबादची स्थानिक लीग रहीम यांच्याच नावानं ओळखली जाते.

मात्र त्यांच्यानंतर आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सोनं भारताला पुन्हा मिळालं नाही. १९७० चं कांस्य हे तिथलं शेवटचं पदक. ऑलिम्पिकचं मैदान तर १९६० नंतर दिसलंच नाही. पोरांमधली गुणवत्ता एकाएकी आटते का? नाही. आटतात ती वेळापत्रकं लावणारी, मैदान मागून आणणारी, सायकलचं भाडं देणारी माणसं.

म्हणून ही गोष्ट फक्त फुटबॉलवाल्यांची नाही. शिरड शहापूर, औंढा, वसमत, कुठंही बघा. पळणाऱ्या पोरांची कमी नाही. दिवाळीनंतर एखादी स्पर्धा होते, बक्षिसं वाटली जातात, फोटो निघतात आणि मग वर्षभर मैदान रिकामं. चार गावांतले सहा संघ, महिन्याला दोन सामने, एक वही आणि ती वही वीस वर्षं इमानानं लिहिणारा एक माणूस. रहीमसाबांची सुरुवात याहून फार मोठी नव्हती. वही घ्यायला पैसे फार लागत नाहीत. ती रोज उघडायला मात्र कुणीतरी लागतं.