धावफलकाचा शिल्पकार : हेन्री चॅडविक

सामना मैदानावर एकदाच खेळला जातो. वर्तमानपत्रात तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळला जातो. ज्यांनी तो पाहिला नाही, तेही धावफलकावरून बोट फिरवीत कोण चमकला, कोण फसला, कोणाला पुढच्या संघात घ्यावे याचा निवाडा करतात. क्रिकेटवेड्या आपल्या वाचकाला ही सवय नवी नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या चाहत्याला हा निवाड्याचा अधिकार ज्या एका माणसाने मिळवून दिला, तो नामांकित खेळाडू नव्हता, संघाचा मालकही नव्हता. तो होता क्रिकेटच्या देशातून आलेला एक पत्रकार, हेन्री चॅडविक.

चॅडविक यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८२४ रोजी इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. वडील जेम्स चॅडविक हे सुधारणावादी विचारांचे पत्रकार होते. हेन्री यांच्याहून चोवीस वर्षांनी मोठे असलेले सावत्र बंधू एडविन चॅडविक यांचे नाव सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. १८४२ मध्ये एडविन यांनी ब्रिटनमधील श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवर जो अहवाल सादर केला, त्यात कोणत्या गावात कोणत्या वर्गाचा माणूस सरासरी कितव्या वर्षी मरतो याचे तक्ते मांडलेले होते. गटारे आणि पिण्याचे पाणी हा राज्यकर्त्यांच्या जबाबदारीचा विषय आहे, हे त्या तक्त्यांनी पटवून दिले. धाकट्या भावाने पुढे हेच साधन हाती घेतले. फक्त त्याचे क्षेत्र वेगळे होते. विखुरलेल्या घटना एका चौकटीत मांडल्या की डोळ्यांना न दिसणारे सत्य दिसू लागते, ही श्रद्धा दोघा भावांच्या कार्यात समान आढळते.

१८३७ मध्ये चॅडविक कुटुंब अमेरिकेत आले आणि ब्रुकलिनमध्ये स्थायिक झाले. हेन्री तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. तरुणपणी त्यांनी काही काळ संगीताच्या शिकवण्या केल्या. पण घरातून आलेला पत्रकारितेचा वारसा त्यांना लवकरच वर्तमानपत्रांकडे घेऊन गेला. न्यूयॉर्क परिसरात त्या काळी क्रिकेटचे चांगले प्रस्थ होते. इंग्लंडमधून आलेल्या लोकांचे क्लब होते, सामने होत आणि त्यांचे वृत्तांत छापले जात. चॅडविक हे वृत्तांत लिहू लागले.

१८५६ साली असाच एक क्रिकेट सामना आटोपून ते परतत असताना न्यू जर्सीतील होबोकेन येथील एलिसियन फील्ड्स या मैदानावर ईगल आणि गॉथम या दोन क्लबांमध्ये बेसबॉलचा सामना चाललेला त्यांनी पाहिला. हा खेळ त्यांना अगदीच अपरिचित नव्हता. त्या दिवशी मात्र तो चुरशीने, कौशल्याने आणि वेगाने खेळला जात होता. क्रिकेटचे सामने दिवसचे दिवस चालत. बेसबॉल एका दुपारी संपे. धावपळीत जगणाऱ्या अमेरिकन माणसाला आपलासा वाटेल असा राष्ट्रीय खेळ यातून घडू शकेल, अशी त्यांची खात्री झाली. पुढची पन्नास वर्षे त्यांनी या एकाच खात्रीला वाहून घेतली.

त्या वेळचा बेसबॉल अजून बाल्यावस्थेत होता. फलंदाजाने मारलेला चेंडू एक टप्पा पडल्यावर झेलला तरी तो बाद ठरे. आपल्या गल्लीबोळांतील ‘एक टप्पा आऊट’ तेथे मोठ्या माणसांच्या अधिकृत नियमांत होते. चॅडविक यांना ते पोरकट वाटे. राष्ट्रीय संघटनेच्या नियम समितीत आणि वर्तमानपत्राच्या स्तंभांतून त्यांनी या नियमाविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. अखेर १८६५ च्या हंगामापासून मैदानाच्या हद्दीत मारलेला चेंडू थेट हवेत झेलला तरच फलंदाज बाद, असा नियम रूढ झाला. क्षेत्ररक्षकाच्या अंगचे कौशल्य पारखायचे तर त्याच्यापुढची कसोटीही तशीच कठीण हवी, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांचे सर्वांत मोठे कार्य मात्र कागदावरचे आहे. सामन्याच्या वृत्तांतासोबत छापली जाणारी खेळाडूंची छोटी तालिका, जिला अमेरिकेत ‘बॉक्स स्कोअर’ म्हणतात, ती त्यांच्यापूर्वीही त्रोटक रूपात अस्तित्वात होती. क्रिकेटच्या धावफलकाचा आदर्श समोर ठेवून चॅडविक यांनी १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून तिला पद्धतशीर रूप दिले. एका ओळीत एक खेळाडू, त्याच्यापुढे त्याच्या धावा, तो किती वेळा बाद झाला, क्षेत्ररक्षणात त्याने किती जणांना बाद केले. खाली डावागणिक धावांची नोंद. सामना चालू असताना प्रत्येक चेंडूचा परिणाम भराभर टिपता यावा म्हणून त्यांनी अक्षरखुणांची लिपीच तयार केली. फलंदाज तीन वेळा चुकून बाद झाला की आजही नोंदवहीत ‘के’ हे अक्षर लिहिले जाते. त्याचे श्रेयही परंपरेने चॅडविक यांनाच दिले जाते.

१८६० मध्ये त्यांनी संपादित केलेली ‘बीडल्स डाइम बेस-बॉल प्लेअर’ ही पुस्तिका निघाली. नावाप्रमाणेच तिची किंमत एक डाइम, म्हणजे दहा सेंट होती. खेळाचे नियम, क्लबांची माहिती आणि खेळाडूंची आकडेवारी तिच्यात एकत्र मिळे. १८६८ मध्ये बेसबॉल कसा शिकावा, खेळावा आणि शिकवावा यावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८१ पासून अखेरपर्यंत ‘स्पाल्डिंग्ज गाइड’ या वार्षिकाचे संपादन त्यांच्याकडे होते. खेड्यातला एखादा मुलगा, ज्याने मोठ्या शहराचे मैदान कधी पाहिले नव्हते, तोही आता अमक्यापेक्षा तमका खेळाडू सरस का, हे आकड्यांचा आधार देऊन सांगू लागला.

या आकड्यांवर लवकरच माणसांची पोटे अवलंबून राहू लागली. १८६९ मध्ये हॅरी राइट यांच्या नेतृत्वाखाली सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ उतरला. राइट हेही इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि मूळचे क्रिकेटपटू. त्यांचे धाकटे बंधू जॉर्ज यांना त्या हंगामासाठी १,४०० डॉलर मिळाले. त्या वर्षी हा संघ एकही सामना हरला नाही. पुढच्या वर्षी, १४ जून १८७० रोजी, ब्रुकलिनच्या अटलांटिक संघाशी त्याची गाठ पडली. नऊ डावांनंतर दोन्ही संघ ५-५ असे बरोबरीत होते. यजमान संघ बरोबरी मानून निघण्याच्या तयारीत होता. राइट यांनी उपस्थित असलेल्या चॅडविक यांचे मत घेतले आणि चॅडविक यांनी नियमानुसार खेळ पुढे चालवला पाहिजे, असा निर्वाळा दिला. अकराव्या डावात अटलांटिकने ८-७ असा विजय मिळवला. ज्या निर्वाळ्यासाठी राइट यांनी आग्रह धरला, त्यानेच त्यांची विजयमालिका खंडित केली.

पैसा आला तसा जुगारही आला. १८६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल संघातील तिघांनी पैसे घेऊन सामना हरल्याचे उघडकीस आले. १८७७ मध्ये लुईव्हिल संघाच्या चौघांवर अशाच कारणासाठी आजन्म बंदी आली. चॅडविक यांनी जुगाराविरुद्ध लेखणी अखंड चालवली. चोख नोंद ही त्यांच्या दृष्टीने करमणुकीपुरती बाब नव्हती. प्रामाणिक खेळाडूच्या बाजूने उभा राहणारा तो साक्षीदार होता. गर्दीला एखाद्याचा झेल आठवतो आणि दुसऱ्याचे रोजचे निमूट काम विस्मरणात जाते. तालिका मात्र दोघांचीही नोंद ठेवते.

तरीही साक्षीदाराला जे विचारले जाते, त्याचेच उत्तर तो देतो. चॅडविक यांच्या पद्धतीची मोठी मर्यादा इथेच होती. पिचरने ठरावीक संख्येइतके चेंडू फलंदाजाच्या टप्प्याबाहेर टाकले, तर फलंदाजाला पहिल्या बेसवर फुकट चालत जाण्याची मुभा मिळते. आज ही संख्या चार आहे. याला ‘वॉक’ म्हणतात. चॅडविक यांच्या मते ही सर्वस्वी पिचरची चूक होती. फलंदाजाने त्यात केले ते काय? म्हणून वॉकचे श्रेय फलंदाजाच्या खात्यावर मांडण्यास त्यांचा विरोध होता. १८८७ मध्ये एका हंगामापुरते वॉक हे फटक्यांइतकेच मोलाचे धरण्यात आले. त्या वर्षी टिप ओनील या फलंदाजाची सरासरी ०.४९२ वर गेली. पुढच्याच वर्षी हा प्रयोग गुंडाळला गेला, आणि कालांतराने ओनीलची सरासरीही ०.४३५ अशी सुधारून लिहिली गेली. संयमाने चेंडू सोडणारा, पिचरला थकवणारा, फटका न मारताही संघासाठी बेस मिळवणारा फलंदाज त्यानंतर कित्येक दशके मुख्य सरासरीत दिसेनासा झाला.

दूरवर मारलेल्या ‘होम रन’बद्दलही त्यांची नापसंती प्रसिद्ध आहे. एका फटक्यासाठी फलंदाजाला चारही बेसची १२० यार्डांची दौड जीव तोडून करावी लागते आणि तो दमून जातो. त्यापेक्षा चेंडू हेरून क्षेत्ररक्षकांच्या मधून काढलेला छोटा फटका अधिक शास्त्रशुद्ध, असे ते मानीत. क्षेत्ररक्षणाच्या बाबतीत मात्र त्यांची नजर अधिक खोल होती. कमीत कमी चुका करणारा तो उत्तम क्षेत्ररक्षक, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. जो चपळ आहे तो लांबच्या चेंडूपर्यंत पोहोचतो आणि कधी तो सोडतोही. जो मंद आहे तो पोहोचतच नाही, म्हणून त्याच्या नावावर चूक लागत नाही. खेळाडूची योग्यता त्याने केलेल्या चांगल्या कामांच्या नोंदीतून पारखावी, असे त्यांनी लिहून ठेवले होते. हाच न्याय त्यांनी वॉक मिळवणाऱ्या फलंदाजाला दिला असता, तर बेसबॉलचा इतिहास थोडा वेगळा झाला असता.

आयुष्याच्या अखेरीस त्यांच्या वाट्याला एक विलक्षण वाद आला. बेसबॉल हा इंग्लंडमधील ‘राउंडर्स’ या मुलांच्या खेळातून विकसित झाला, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. १९०३ च्या गाइडमध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले. त्यांचे स्नेही आणि प्रकाशक अल्बर्ट स्पाल्डिंग यांना मात्र हा खेळ पूर्णपणे अमेरिकन मातीतला ठरवायचा होता. त्यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये समिती नेमली गेली. ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे बेसबॉल शोधून काढला, असा निष्कर्ष तिने काढला. तो १९०८ च्या गाइडमध्ये छापला गेला. त्या गाइडचे संपादक खुद्द चॅडविकच होते. आपले मत खोडून काढणारा निकाल आपल्याच वार्षिकात प्रसिद्ध होत असतानाही त्यांनी स्पाल्डिंग यांच्याशी मैत्री तोडली नाही. डबलडे यांची कथा निराधार असल्याचे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. १८३९ मध्ये ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते.

१९०८ च्या वसंतात, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीही, प्रकृती बरी नसताना चॅडविक सामना पाहायला गेले. त्यातून आजार बळावला आणि २० एप्रिल १९०८ रोजी ब्रुकलिनमध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. बेसबॉलच्या मैदानांवरील ध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आले. ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड स्मशानभूमीत त्यांच्या स्मारकावर दगडी चेंडू आहे. १९३८ मध्ये त्यांची निवड बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये झाली. हे सन्मानगृह उभे राहिले ते कूपर्सटाउनमध्ये, डबलडे यांच्या कथेच्या आधारावर. तिथे चॅडविक यांना स्थान मिळाले. डबलडे यांची निवड मात्र आजवर झालेली नाही.

चॅडविक यांच्या तालिकेतील उणीव भरून काढण्यास सर्वांत हट्टाने झटले ते चाहतेच. १९७७ मध्ये कॅन्सस राज्यातील एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करणाऱ्या बिल जेम्स या बेसबॉलवेड्याने स्वखर्चाने आकडेवारीची एक पुस्तिका काढली. वर्तमानपत्रांत छापून आलेल्या बॉक्स स्कोअरचाच आधार घेऊन प्रस्थापित समजुती तपासण्याचा त्याचा खटाटोप होता. वॉकचे खरे मोल अशा चाहत्यांनी लावून धरले. २००२ मध्ये ओकलंड ॲथलेटिक्स या तुलनेने गरीब संघाने हेच हिशेब वापरले. बाकीच्यांनी कमी लेखलेले खेळाडू त्यांनी हेरले, महाविद्यालयीन मैदानावर भरपूर सामने खेळलेल्या आणि ज्यांची नोंद उपलब्ध आहे अशा तरुणांना पसंती दिली आणि त्या हंगामात १०३ सामने जिंकले. आज महाविद्यालयीन बास्केटबॉलचा चाहताही अशाच तालिकेवरून कोणता मुलगा उद्या व्यावसायिक संघात चमकेल याचे अंदाज बांधत असतो. त्या तालिकेचे नावही बॉक्स स्कोअरच आहे.

चॅडविक यांचे काही निर्णय काळाने फिरवले. पण ते फिरवण्यासाठी लागणारी नोंद त्यांनीच घालून दिलेल्या शिस्तीतून जमा झाली होती. कौतुक आणि टीका या दोहोंना पुरावा मागण्याची सवय त्यांनी प्रेक्षकाला लावली. त्या सवयीतून त्यांचे स्वतःचे मतही सुटले नाही, हीच त्यांच्या कार्याची खरी पावती म्हणावी लागेल.