फुटबॉलचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम



आपल्या उस्मानपुऱ्यात काय किंवा शहराच्या अन्य भागांत काय, सायंकाळी मोकळी जागा दिसली की मुले क्रिकेटचा डाव मांडतात. फुटबॉल खेळणारी मुले त्या मानाने थोडीच. परंतु एकेकाळी आशिया खंडात भारताच्या फुटबॉलला मानाचे स्थान होते आणि ते मिळवून देणारा माणूस आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातील एक शाळामास्तर होता, ही गोष्ट आजच्या पिढीला फारशी ठाऊक नाही. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. ते नाव म्हणजे सय्यद अब्दुल रहीम.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी आपले औरंगाबादही (आजचे छत्रपती संभाजीनगर) त्याच संस्थानात होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. त्याच उस्मानियात रहीम शिकले आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले. पदवी घेऊन ते शिक्षक झाले. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाचाही अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यांच्या हातून पुढे जे कार्य घडले, त्याच्या मुळाशी हा शिक्षकी पेशा होता. खेळाडूला ते विद्यार्थी समजत आणि मैदानाला वर्ग.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले व अखेरच्या श्वासापर्यंत ते पद त्यांनी सांभाळले. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षकपदही त्यांच्याकडे आले. या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. मोठमोठ्या संघांना नमविणारे हे खेळाडू बहुतेक साध्या घरांतील पोलीस शिपाई होते.

त्यांची शिकवण्याची पद्धत आगळी होती. ज्याचा उजवा पाय चांगला, त्याला केवळ डाव्या पायाने खेळावयास लावणाऱ्या स्पर्धा ते भरवीत. चेंडू स्वतःजवळ घोळवत न ठेवता तत्काळ सहकाऱ्याकडे द्यावयाचा, असा नियम घालूनही ते सामने खेळवीत. एकट्याच्या कौशल्यापेक्षा एकमेकांवरील विश्वास मोठा, हा धडा ते पायांना शिकवीत होते.

राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९५१ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने अंतिम सामन्यात इराणला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा दारुण पराभव केला. आपले अनेक खेळाडू तेथे थंडीत अनवाणी खेळले होते. एवढ्या नामुष्कीनंतर एखादा खचून गेला असता. रहीम यांनी मात्र त्या पराभवातून धडा घेतला. युरोपातील, विशेषतः हंगेरीच्या संघाची खेळी अभ्यासून त्यांनी आपल्या संघाची रचनाच बदलली.

त्याचे फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मिळाले. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४–२ असे हरविले. चारपैकी तीन गोल नेव्हिल डिसोझा या मूळच्या गोमंतकीय, मुंबईत खेळणाऱ्या तरुणाने केले. ऑलिंपिकमध्ये गोलांची हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. भारत उपांत्य फेरीत पोहोचला व अखेर चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये ती आजवरची आपली सर्वोत्तम कामगिरी होय.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आपण बलाढ्य फ्रान्सला १–१ असे बरोबरीत रोखले. त्या संघात रहीम यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांचीही निवड झाली होती. परंतु पित्याने त्यांना एकाही सामन्यात उतरविले नाही. नात्यापेक्षा संघाची गरज त्यांनी मोठी मानली.

आणि मग १९६२ साल उजाडले. रहीम यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. तशा अवस्थेत ते संघासह जाकार्ताच्या आशियाई खेळांना गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २–० असे हरविले. इस्रायल व तैवान यांना खेळांपासून दूर ठेवल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने नापसंती व्यक्त केल्यामुळे तेथील जनमत भारताविरुद्ध भडकले होते. अशा वातावरणात संघाने थायलंड, जपान व दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून अंतिम फेरी गाठली. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते, तेव्हा रहीम यांनी त्यांना आघाडीवर खेळविले. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून नुकतेच उठलेले, तरीही अंतिम सामन्यासाठी त्यांच्यावर भरवसा ठेवला. मधल्या फळीत गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको होते, तर चुनी गोस्वामी कर्णधार होते. सामन्याच्या पूर्वसंध्येला आजारी गुरूने आपल्या मुलांकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, असे त्यांचे शिष्य पुढे सांगत.

४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या हुर्योत अंतिम सामना झाला. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, दुसरा जखमी जर्नेलसिंग यांनी. ज्या दक्षिण कोरियाकडून आरंभी हार पत्करली होती, त्यालाच भारताने २–१ असे नमविले. शिष्यांनी गुरुदक्षिणा दिली.

पुढे अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी रहीम यांनी जगाचा निरोप घेतला. त्यानंतर आशियाई खेळांतील फुटबॉलचे सुवर्ण भारताकडे पुन्हा आलेले नाही. १९७० च्या कांस्यपदकानंतर तर पुरुष संघाला तेथे कोणतेच पदक लाभलेले नाही. त्यांच्या हयातीत त्यांना कोणताही मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला नाही.

वाचकहो, रहीम यांच्या संघात हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिस्ती असे सर्वच होते. कोणी बंगालचा, कोणी पंजाबचा, कोणी हैदराबादचा, कोणी गोव्याचा. ते सारे एकदिलाने खेळले, कारण त्यांच्या गुरूने चेंडू दुसऱ्याला देण्याची सवय त्यांच्या अंगी बाणवली होती. आपल्या शाळांतून व वस्त्यांतून मुलांना खेळ शिकविणारे अनेक शिक्षक आजही आहेत. निकालाच्या दिवशी त्यांची आठवण क्वचितच कोणाला होते. येत्या रविवारी मुलांना मैदानावर सोडावयास जाल, तेव्हा त्यांच्या शिक्षकांशी दोन शब्द अवश्य बोला.