एका घराचे ऋण

प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि समाजाने नाकारलेल्या विधवांच्या अर्भकांना जगण्याचा आधार मिळाला. सोलापूर जिल्ह्याला या कार्याचा अभिमान वाटतो, तो योग्यच होय. तथापि अर्भकाचा जीव वाचविणे ही केवळ पहिली पायरी असते. पुढची पायरी कोणती, हे जाणून घ्यावयाचे तर डॉ. यशवंत फुले यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

पंढरपूरच्या आधी, १८६३ मध्ये, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घरीच असे गृह उघडले होते. तेथे १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाच्या, फसविल्या गेलेल्या एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. अपत्यहीन फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. त्यांनी त्याला केवळ अन्नवस्त्र दिले नाही. नाव दिले, वैद्यकाचे शिक्षण दिले आणि १८८७ च्या मृत्युपत्राने वारसाहक्कही दिला. दया आटू शकते, नोंदविलेला हक्क सहसा आटत नाही, हे जोतीराव जाणून होते. तरीही १८९० मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत यशवंतांनी टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतलीच. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालल्या.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. लष्करी वैद्यकीय सेवेत असलेल्या यशवंतांनी हडपसरजवळ, आपल्या सासरच्या ससाणे मंडळींच्या माळावर, रुग्णालय थाटले. ज्यांच्या घरात पाऊल टाकण्यास शेजारी धजत नव्हते, अशा गोरगरिबांच्या कुटुंबांना तेथे उपचार मिळाले. रुग्णांना आणता आणता सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. काही वर्षांनी सेवेत असतानाच यशवंतही प्लेगलाच बळी पडले. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीला मात्र निराधार अवस्थेत दिवस काढावे लागले.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर एका घराने एका मुलावर जे खर्चिले, ते त्याने समाजाला सव्याज परत केले. समाजाने मात्र त्याच्या कुटुंबाचे ऋण बुडविले. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात निराधार मूल संगोपनासाठी कुटुंबात ठेवण्याची तरतूद आहे. परंतु कायदा तरतूद करतो, घराचे दार उघडत नाही. ते दार उघडणे आणि उघडणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे, हाच ते ऋण फेडण्याचा मार्ग होय.