विश्लेषण : न खोदता पृथ्वीचा गाभा कसा सापडला? कोण होते रिचर्ड ओल्डहॅम?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे लाव्हापासून बनलेल्या बसाल्टच्या थरांवर वसली आहेत. या थरांखाली खोलवर काय आहे, हे खोदून पाहता येत नाही. भूकंपलहरींचा मार्ग शोधला तर मात्र ते कळते. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होते रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम.

भारताशी संबंध काय?

ओल्डहॅम यांचा जन्म १८५८ मध्ये डब्लिनचा. वडील थॉमस हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख. रिचर्डही १८७९ मध्ये तिथेच रुजू झाले. १२ जून १८९७ रोजी आसाममध्ये भीषण भूकंप झाला, दीड हजारांहून अधिक बळी गेले. त्याचा अहवाल त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. दूरच्या उपकरणांवर तीन प्रकारच्या लहरी वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, हे त्यांनी ओळखले: आधी प्राथमिक, मग दुय्यम, शेवटी पृष्ठभागावरच्या.

लहर वळते का?

थर बदलला की लहरीचा वेग बदलतो आणि ती वळते. सपाट थरांमध्ये उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनाचा साइन भागिले वेग, हे उत्तर प्रत्येक थरात सारखेच येते. खाली वेग वाढत गेला की लहर आडवी होत जाते आणि शेवटी वर परतते. मार्ग डोळ्यांना दिसत नाही. हाती असते ती फक्त पोहोचण्याची वेळ.

१९०६ मध्ये काय घडले?

प्रकृतीमुळे १९०३ मध्ये निवृत्त झालेले ओल्डहॅम इंग्लंडला परतले. जगभरच्या नोंदी तपासताना पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात, असे त्यांना दिसले. म्हणजे मध्यभागी लहरींचा वेग कमी करणारा वेगळा गाभा आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९०६ मध्ये मांडला.

कुठे चुकले?

त्यांच्या मते गाभ्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या ०.४ पट होती. प्रत्यक्षात ती सुमारे ०.५५ पट, म्हणजे ३,४८० किमी आहे. दुय्यम लहरी गाभ्यातून हळू जातात, असे त्यांना वाटले. बाहेरचा गाभा द्रवरूप असल्याने त्या त्यातून जातच नाहीत. हे द्रवरूप १९२६ मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी दाखवून दिले.

आज उपयोग काय?

१९६७ च्या कोयना भूकंपानंतर, १९७०च्या दशकात, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयना परिसरात स्फोट घडवून याच तत्त्वाने बसाल्ट आणि त्याखालचे थर तपासले. ओल्डहॅम यांचे निधन १९३६ मध्ये झाले. त्याच वर्षी इंगे लेहमन यांनी गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे मांडले, तेही लहरींच्या नोंदींवरूनच.