भाड्याची लढाई

नरखेड तालुक्यातल्या संत्र्याचा प्रवास एकदा बारकाईने पाहावा. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून उतरू लागतो, मृग बहाराचा फेब्रुवारीनंतर. एका टोकाला फळ पिकवणारा शेतकरी, दुसऱ्या टोकाला ते खाणारे दिल्लीचे गिऱ्हाईक. आणि या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा असतो. तो संत्रे पिकवत नाही, खात नाही, फक्त पोचवतो. जुन्या मराठीत त्याला हुंडेकरी म्हणत. वाटेतली जकात, जोखीम आणि भाडे यांचा एकच आकडा ठरवून तो दुसऱ्याचा माल मुक्कामी नेऊन देई. आज याच कामाला थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे असले, तरी पेच जुनाच आहे. माल आपला, घाम आपला. पण हातात काय उरणार, हे पुष्कळदा वाहणाऱ्याच्या दरावर ठरते.

हा पेच ज्यांना शतकापूर्वीच पुरता उमगला, त्यांचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांचे पोलादाचे स्वप्न, मुंबईचे ताजमहाल हॉटेल, बंगळूरची विज्ञानसंस्था हे सारे आपण शाळेपासून ऐकत आलो. वाहतुकीच्या धंद्यात त्यांनी पत्करलेली हार मात्र फारशी सांगितली जात नाही.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण संपवून ते वडिलांच्या पेढीत शिरले आणि १८५९ साली हाँगकाँगला गेले. चीनशी चालणारा व्यापार त्यांनी तिथे जवळून पाहिला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच ते ओसरलेही. टाटांच्या पेढीला मोठा फटका बसला. तिला सावरले ते एका वेगळ्याच कामाने. १८६७-६८ साली इंग्रजांनी अबिसीनियावर स्वारी केली. त्या फौजेला रसद पुरवण्याच्या मक्त्यात जमशेटजींचे वडील भागीदार होते. लढणारा दुसराच; याने फक्त सामान पोचवायचे. त्यात चांगला नफा झाला. माल पोचवण्यातही माल बनवण्याइतकाच पैसा असतो, हा धडा घरातच मिळाला.

१८६८ साली एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर जमशेटजींनी स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीची बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली आणि ती फायद्यात विकली. मग मोठी गिरणी काढायचे ठरले, तेव्हा सगळ्यांची नजर मुंबईवर असताना त्यांनी नागपूर निवडले. यामागचा हिशेब सरळ वाहतुकीचा होता. १८६७ पासून रेल्वे नागपूरपर्यंत आली होती, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि कापूस तर भोवतालीच पिकत होता. आजचा नरखेड तालुका तेव्हाच्या काटोल तहशिलीत होता आणि तो सारा मुलूख कापसाचा. तिथे तेव्हा रूळ पोचले नव्हते. माल बैलगाडीनेच निघे. कापूस मुंबईला न्यायचा आणि तिथले कापड पुन्हा इकडे आणायचे, हा दुहेरी हेलपाटा नागपूरच्या गिरणीने वाचणार होता.

१ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. तिच्या व्यवस्थापनासाठी जमशेटजींनी निवडले बेझनजी दादाभाई मेहता यांना. बेझनजींना सूतकाम ठाऊक नव्हते; ते आले होते जी. आय. पी. रेल्वेच्या माल खात्यातून. ही निवड पुढे अचूक ठरली.

जमिनीवरचा हिशेब असा जुळला, पण समुद्रावरचा जुळेना. मुंबईचे सूत चीन-जपानकडे जाई आणि ते नेणाऱ्या जहाज कंपन्यांनी आपसांत एकी केली होती. पी. अँड ओ. ही इंग्रज कंपनी त्यांची म्होरकी. सुताला टनामागे सुमारे १९ रुपये भाडे पडे आणि काही निवडक पेढ्यांना गुपचूप सूट मिळे. बाकीच्यांनी मुकाट्याने मोजायचे. १८९३ साली जमशेटजी जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी त्यांनी करार केला. जपानी कंपनीची अट एकच होती: टाटांनीही स्वतःची जहाजे चालवून जोखमीत भागीदार व्हावे. जमशेटजींनी ‘ॲनी बॅरो’ हे इंग्रजी जहाज भाड्याने घेतले, पाठोपाठ दुसरे घेतले आणि टाटा लाइन सुरू झाली. भाडे ठरले टनामागे १२ रुपये.

पी. अँड ओ.चे उत्तर तडकाफडकी आले. तिने दर उतरवत उतरवत दीड रुपयावर आणला. मुंबईच्या गिरणीमालकांनी काय करावे? ज्यांच्यासाठी ही लढाई होती, तेच स्वस्त भाड्याला भुलून एकेक करून तिकडे वळले. जमशेटजींनी पत्रक काढले, सरकारदरबारी दाद मागितली. उपयोग झाला नाही. लाखावर रुपये गमावून टाटा लाइन बंद झाली. मैदान मोकळे होताच दर पुन्हा चढले.

जपानी कंपनी मात्र टिकली. तिच्याजवळ पैसा होताच. त्याहून मोलाचे म्हणजे जपानच्या सूतगिरण्यांच्या संघाने आपला कापूस याच कंपनीच्या जहाजांतून आणण्याची हमी दिली होती. तिथे मालवाले एकत्र राहिले, इथे पांगले. जयापजयाचा सारा फरक एवढाच. १९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीत वारले. १९१९ साली वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून निघाले, तेव्हा तिलाही दरयुद्धाला तोंड द्यावे लागले, ती तरली.

एम्प्रेस मिल १९८६ साली सरकारी महामंडळाकडे गेली आणि पुढे तीही बंद पडली. नरखेडला आता रूळ आहेत. इटारसी-नागपूर मार्ग आहे, अमरावतीकडे जाणारा फाटाही आहे. त्याच फाट्यावरच्या वरुडच्या स्थानकाचे नावच मुळी वरुड ऑरेंज सिटी. २०२० साली किसान रेल्वे निघाली, भाड्यात निम्मी सवलत मिळाली आणि पुढे ती संपली. सवलत देणाऱ्याचे आभार मानावेत. पण तिच्या भरवशावर बाग लावू नये. स्वस्त भाडे कुणाच्या तरी मर्जीवर मिळते आणि मर्जी फिरली की जाते. मालवाल्यांनी एकत्र येऊन आपल्या मालाची हमी दिली, तर मात्र ट्रकवाला काय, रेल्वे काय, दर ठरवताना त्यांना समोर बसवावेच लागते. टाटा लाइनला मुंबईत नेमकी हीच हमी मिळाली नाही. काटोल-नरखेडच्या बागाईतदाराला ती आपसांत उभी करता येईल का, हे त्याने ठरवायचे आहे.